शोकघरी समाचाराला जाताना

जालन्याकडच्या आपल्या ख्रिस्ती मंडळीत मयताच्या घरी समाचाराला जाण्याचे काम तुमच्याकडे आले आहे, तेव्हा पहिली सूचना हीच की बायबलच्या वचनांची यादी घेऊन जाऊ नका आणि ‘देवाची इच्छा’ हे शब्द तर मुळीच उच्चारू नका. जाण्यापूर्वी योहानकृत शुभवर्तमानाचा 11वा अध्याय सावकाश वाचा. येशूचा मित्र लाजर याला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. तू येथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता, असा बोल मार्था आणि मरिया दोघीही येशूला लावतात, आणि तो त्यांना दटावत नाही. उलट थोड्याच वेळात लाजराला उठवणार असूनही मरियेला रडताना पाहून तो स्वतःही रडतो. ओसरीवरच्या सतरंजीवर बसलेली बाई देवालाच जाब विचारू लागली, तर तिला थांबवू नका.

प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांना, म्हणजे त्या शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, पत्रात शोक करू नका असे लिहिलेले नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, असे लिहिले आहे. आपल्याकडे हे वचन निम्मेच सांगितले जाते, हे मला खटकते. देवापुढे असे गाऱ्हाणे चालते का, असे कोणी विचारलेच, तर बायबलमधले स्तोत्र 88 वाचून दाखवा. त्याचा शेवट अंधारातच होतो, तरी ती प्रार्थनाच आहे. पुनरुत्थानाची आशा सांगायला घाई नको. पाहुणे परतल्यावर, चूल पुन्हा एकटीनेच पेटवावी लागते त्या आठवड्यात, दुसऱ्यांदा अवश्य जा.