सावळ्या रंगावर चांदी शोभत नाही, हे कुणी ठरवलं?

तुम्ही सावळ्या आहात, घरचे सोनंच घाला म्हणतात आणि चांदीचे झुमके घातले की चेहरा ओढलेला वाटतो, मग आपल्याला कोणता धातू, खडे आणि मोती शोभतील, असं तुम्ही विचारलंय. आधी मनगटावरच्या शिरांचा रंग बघून झाक ओळखायच्या त्या चाचणीला सुट्टी द्या. काही निळ्या, काही हिरव्या दिसतात, म्हणून आपला अंडरटोन, म्हणजे त्वचेच्या रंगातली झाक, वॉर्म (पिवळसर) की कूल (गुलाबी-निळसर) हेच कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सावळ्या कांतीवर ही चाचणी तशीही फारशी उपयोगाची नाही. शिरेतलं रक्त निळं नसतं. लाल प्रकाश त्वचेत खोलवर जातो आणि शिरेपाशी शोषला जातो, त्यामुळे आजूबाजूच्या त्वचेपुढे ती रेघ निळसर भासते. त्वचेला पिवळी झाक असेल तर तीच रेघ हिरवी वाटते. शीर किती खोल आहे यावरही रंग बदलतो आणि मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य जास्त असेल तर बराच प्रकाश वरच्या वरच अडतो. एकाच हातावर दोन्ही रंग दिसणं यात विशेष काहीच नाही.

दुसरं म्हणजे, घरचे सांगतात त्या "सावळीला सोनंच" या सल्ल्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. कांती किती गडद आहे हा एक प्रश्न आणि तिची झाक कोणती हा दुसरा. मेलॅनिनचे दोन प्रकार असतात, एक काळसर तपकिरी आणि एक लालसर पिवळा. त्यात रक्ताचा लाल रंग आणि कॅरोटीन या रंगद्रव्याचा पिवळा मिसळतो. या मिश्रणामुळे सावळ्या माणसांत कुणाची झाक तांबूस, कुणाची पिवळी, कुणाची ऑलिव्ह म्हणजे हिरवट, तर कुणाची चक्क निळसर असते. गोऱ्या कांतीतही तेच. उन्हात फिरून रंग रापला तर गडदपणा वाढतो, झाक मात्र बहुतेक वेळा तीच राहते. म्हणजे नुसतं "सावळी" एवढ्या माहितीवरून धातू ठरवता येत नाही.

मग पिवळसर झाकेला सोनं आणि गुलाबी झाकेला चांदी, हा जो नियम सगळीकडे सांगतात तो आला कुठून? त्यात थोडं तथ्य आहे आणि ते डोळ्यांच्या सवयीत आहे. मिशेल शेव्रुल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळत होता. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की रंगात दोष नाही, शेजारच्या धाग्यांच्या रंगांमुळे तो तसा दिसतोय. १८३९ मध्ये त्याने यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. सार असं, की दोन रंग शेजारी आले की प्रत्येक रंग दुसऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. गळ्याशी गर्द पिवळं सोनं असेल तर त्याच्यापुढे त्वचेतला पिवळेपणा कमी जाणवतो. त्याच जागी पांढरा, रंगहीन धातू आला की त्वचेतला पिवळेपणा उघडा पडतो आणि चेहरा आजारी वाटतो. गुलाबी कांतीवर तोच पांढरा धातू गुलाबीपणा उठवतो, म्हणून छान दिसतो. ऑलिव्ह किंवा मधल्या झाकेच्या माणसांत हा परिणाम इतका कमी असतो की दोन्ही धातू चालतात. तुम्ही याच गटात असाल असा माझा कयास आहे, पण तो कयासच.

आता तुमच्या खऱ्या तक्रारीकडे येते. चांदीचे झुमके घातले की चेहरा ओढलेला वाटतो, असं तुम्ही म्हणता. पण तुम्ही वर्णन केलेत ते झुमके ऑक्सिडाइज्ड आहेत! मुद्दाम काळपट केलेला, मॅट, राखाडी धातू चेहऱ्याकडे प्रकाश फेकत नाही. उलट डोळ्यांखालच्या सावलीशी त्याचा रंग जुळतो आणि ती सावली जास्त दिसायला लागते. यावरून चांदीला नापास करू नका. चकचकीत पॉलिशची चांदी ही दृश्य प्रकाश सर्वांत जास्त परावर्तित करणारा धातू आहे. सावळ्या कांतीवर तिचा त्वचेशी जो उजळ-गडद विरोध उठून दिसतो तो फिकट त्वचेवर येणं कठीण. माझं तर मत असं आहे की रंगाआधी झळाळी बघावी. पिवळं की पांढरं यावर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि पॉलिश कसं आहे ते कुणी विचारत नाही. ऑक्सिडाइज्ड आवडत असेल तर ते चेहऱ्यापासून लांब वापरा, लांब साखळीत किंवा हातात, नाहीतर ज्यात मधूनमधून उजळ कडा किंवा खडा आहे असं निवडा.

पांढऱ्या धातूंतही फरक असतो. शुद्ध चांदीचा पांढरा किंचित उबदार असतो, प्लॅटिनम थोडं राखाडीकडे झुकतं आणि ऱ्होडियम या पांढऱ्या, चकचकीत धातूचा मुलामा सगळ्यांत थंड, आरशासारखा. बाजारातली बरीच चांदी काळी पडू नये म्हणून ऱ्होडियम चढवूनच येते. पिवळसर झाक असून चांदी घालायची हौस असेल तर मुलामा नसलेली चांदी मागून बघा. ती पुसत राहावी लागेल, कारण हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी ती काळवंडते.

तीच गोष्ट सोन्याची. "मला सोनं शोभत नाही" म्हणणाऱ्यांनी बहुधा एकच सोनं पाहिलेलं असतं. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, म्हणून तो गर्द पिवळा. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्के, आणि उरलेल्या चौथाईत काय मिसळलंय यावर सगळा रंग ठरतो. चांदी जास्त तर फिकट, हिरवटीकडे जाणारा पिवळा. तांबं जास्त तर रोझ गोल्ड. पॅलेडियम किंवा निकेल हे पांढरे धातू घातले तर व्हाइट गोल्ड, ज्यावर सहसा ऱ्होडियम चढवतात. तो झिजला की खालची पिवळट छटा डोकावते आणि पुन्हा मुलामा द्यावा लागतो. रोझ गोल्डबद्दल एक सांगते. ते सगळ्यांना शोभतं असं सर्रास म्हणतात, पण ज्यांची त्वचा तांबूस सावळी आहे त्यांच्या अंगावर ते कधीकधी त्वचेतच विरून जातं. नाजूक साखळी तर दिसतच नाही. कुणाला तेच हवं असतं, ते वेगळं.

घरी तपासायचं तर दिवसा, खिडकीजवळ बसा, पण थेट उन्हात नको. मेकअप नको, केस मागे बांधा, अंगात पांढरा किंवा राखाडी कपडा घाला, कारण लाल कुर्त्याचा रंग हनुवटीवर पडतोच. दोन्ही धातूंचे दागिने साधारण एकाच आकाराचे आणि एकाच झळाळीचे घ्या. जाड चकचकीत सोनं आणि नाजूक काळपट चांदी अशी तुलना केलीत तर उत्तर चुकणारच. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दागिन्याकडे बघू नका, चेहऱ्याकडे बघा. डोळ्यांखालची वर्तुळं, ओठांचे कोपरे, नाकाच्या बाजूचा लालसरपणा, जबड्याखालची सावली. यातलं काय वाढलं, काय मिटलं? दागिना सुंदर आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं, नाहीतर तुम्ही तो हातात घेतला नसता. फोनवर फोटो काढून ठरवू नका, कॅमेरा आपणहून पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) बदलतो आणि दोन फोटोंत त्वचेचा रंगच वेगळा येतो. काढायचाच असेल तर दोन्ही दागिने एकाच फोटोत येऊ द्या, एका कानात एक.

दुकानातल्या दिव्यांपासूनही सावध राहा. २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाची छटा मोजायचं एकक) पिवळा प्रकाश सोन्याला खुलवतो, माणकालाही. ५००० च्या वरचा पांढरा प्रकाश हिरे, नीलम आणि चांदी चमकवतो. अलेक्झांड्राइट नावाचा खडा तर दिवसाउजेडी हिरवा आणि पिवळ्या बल्बखाली लालसर दिसतो. बाकीचे खडे इतका तमाशा करत नाहीत, पण थोडाफार बदल सगळ्यांत होतो. दागिना घेऊन दाराशी जाऊ देतात का विचारा.

खड्यांना शेव्रुलचाच नियम लावा. पाचूचा हिरवा त्वचेतला लालसरपणा वाढवतो. मुरमांचे डाग किंवा गालांवर लाली असेल तर मोठा पाचू कानात नको. निस्तेज, रक्त नसल्यासारखी कांती असेल तर मात्र तोच हिरवा उपकार करतो. माणिक आणि गार्नेट हे लाल खडे उलट, ते लाली शमवतात. नीलमाचा गर्द निळा शेजारच्या त्वचेत ऊब आणतो, म्हणून पिवळसर झाकेला "निळा नको" हा सल्ला मला पटत नाही. पिवळा पुष्कराज, सिट्रिन यांसारखे खडे फिकट पिवळ्या कांतीवर नुसते हरवतात, पण गडद सावळ्या रंगावर झगमगतात. हे सगळं मोठ्या खड्यांना लागू. चार मिलिमीटरच्या स्टडने चेहऱ्याच्या रंगात काहीही फरक पडत नाही, तिथे बिनधास्त आवडेल ते घ्या.

मोत्यांचं विचारलंत, तर "पांढरा मोती" एवढ्यावर थांबू नका. मोत्यावर गुलाबी, मलईदार, चंदेरी अशी दुसरी छटा तरंगत असते. पिवळसर झाकेला मलईदार किंवा दक्षिण समुद्रातले सोनेरी मोती, निळसर किंवा गुलाबी झाकेला गुलाबी छटेचे. ताहितीचे गडद मोती सावळ्या कांतीवर मला फार आवडतात, फक्त त्यांची झळाळी उत्तम हवी. स्वस्त नकली मोत्यांचा खडूसारखा पांढरा कुणालाच बरा दिसत नाही.

अंगठी आणि बांगड्यांसाठी एवढा काथ्याकूट करू नका. हात चेहऱ्यापासून लांब असतात आणि बहुतेकांच्या हातांची झाक चेहऱ्यापेक्षा वेगळीच असते. तिथे दोन्ही धातू एकत्र घातले तरी चालतं. अंगठी व्हाइट गोल्डची घेणार असाल तर मिश्रणात निकेल आहे का तेवढं विचारून घ्या. काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते आणि ऱ्होडियम झिजल्यावर बोटाभोवती लाल, खाजरा पट्टा उठतो. तसा त्रास पूर्वी नकली दागिन्यांनी झाला असेल तर पॅलेडियमचं मागा.