तीच गाणी तिसऱ्यांदा घ्यायची का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): दादा, थोरल्या भावाच्या गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडच्या कॅसेटी होत्या, मग मी सीडी घेतल्या, आता रेकॉर्ड प्लेअर आणलाय तर त्यांचाच ग्रेटेस्ट हिट्स, म्हणजे गाजलेल्या जुन्या गाण्यांचा संग्रह, दिसला. गाणी सगळी घरात आहेत. पैसे बँडला जातात का नुसतं कंपनीचं घर भरतंय?

उत्तर: भावा, दोघांना जातात पण वाटणी सारखी नसते. जुन्या करारांत रेकॉर्डिंगची मालकी, म्हणजे मास्टर, बहुतेक कंपनीकडंच असायची, मग कुठली गाणी घ्यायची, कव्हरवर काय टाकायचं ते तीच ठरवणार, ना स्टुडिओचं भाडं ना गायकाचे नखरे, कालचाच रस्सा गरम करून वर ताजा कट सोडला की झालं. तू म्हणतोस तोच अल्बम बघ की, बँडचं नवं काही येईना म्हणून त्यांच्या कंपनीनं, गेफननं, 2004 ला काढला, आणि बँडचे अॅक्सल, स्लॅश, डफ, ज्यांचं आपसात फाटलेलं, त्या तिघांनीही कोर्टात जाऊन तो अडवायला बघितला. कुठला थांबतोय! इंग्लंडात थेट एक नंबरला. नवा अल्बम उजाडला 2008 ला.

आणि अजून एक, त्या 2004 च्या यादीत चौदा गाणी, त्यातली पाच मुळात दुसऱ्यांची, म्हणजे त्यांच्या लिहिण्याचे पैसे बँडला नाहीत, मूळ लिहिणाऱ्यांना.

सगळेच असले नसतात हां. बीटल्सचे लाल आणि निळा अल्बम 1973 चे, तेव्हा अमेरिकेत त्यांच्या गाण्यांचा चोरीचा संच टीव्हीवर जाहिरात करून विकायला लागलेले, त्यावर उतारा म्हणून ते काढले. क्वीन या ब्रिटिश बँडचा 1981 चा ग्रेटेस्ट हिट्स तर ब्रिटनमध्ये सत्तर लाखांवर खपलाय, फक्त देशागणिक गाण्यांची यादी वेगळी, त्यामुळं पाहुण्यानं परदेशातून आणलेला आणि तुझा जुळला नाही तर भांडत बसू नको.

एखादं नवं गाणं घुसडायची युक्ती पण जुनीच. अमेरिकन गायक टॉम पेटीच्या 1993 च्या संग्रहात ते नवं गाणंच हिट झालं. मी पण एका गाण्यापायी अख्खी सीडी घेतलीय, बायको अजून काढते तो विषय.

तुझ्या त्या हिट्समध्ये पहिल्या अल्बमची तीनच गाणी आहेत. रेकॉर्डच घ्यायचा तर 1987 चा अपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन घे, बाराच्या बारा, आणि भावाला सांगू नको, मागून नेईल.