वाचकांचे प्रश्न : कुंपण नसलेल्या कॅम्पवर मुक्काम

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही दोन जोडपी आणि नऊ वर्षांची मुलगी भाड्याच्या गाडीने बोट्स्वानातल्या जंगलांत मोरेमी, सावुती करत चोबेपर्यंत जाणार आहोत. तंबू गाडीच्या टपावर आहेत. कॅम्पला कुंपण नसतं म्हणतात, ते खरं का? स्वयंपाक आम्हीच करू. पोहे, शेव इथूनच नेतो आहोत.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : खरं आहे. नामिबियातल्या एतोशा अभयारण्यात ओकाउकुएयो, हलाली, नामुतोनी या कॅम्पांना कुंपण आहे. मोरेमी आणि चोबेच्या आतल्या कॅम्पवर मात्र प्राणी तुमच्या चुलीजवळूनही जातात. बंद तंबूत सिंह किंवा तरस सहसा शिरत नाही, पण ‘बंद’ म्हणजे चेन पूर्ण ओढलेली. हवेसाठी जाळी पुरते. तिथे जुलैत हिवाळा असतो, रात्री थंडी कडाक्याची पडते, तेव्हा चांगल्या स्लीपिंग बॅगा न्या, म्हणजे कुणी उशिरापर्यंत शेकोटीजवळ रेंगाळणार नाही.

बहुतेक भानगडी वासामुळे होतात. तरस आणि हनी बॅजर (एक छोटा, धीट शिकारी प्राणी) कूलबॉक्स उघडतात, नाहीतर उचलूनच नेतात. वानरं दिवसाढवळ्या पिशवीची चेन उघडतात. म्हणून खाण्याचं सगळं, शेवेच्या डब्यासकट, गाडीत ठेवून काचा वर आणि दारं लॉक. खरकटी भांडी लगेच घासा. कचराही रात्री गाडीतच. टूथपेस्ट, बिस्किटं तंबूत नकोत. चपला-बूट बाहेर ठेवलेत तर तरस चावायला घेऊन जातो.

पोह्यांवर पिळायचं लिंबू मात्र यादीतून काढा, संत्र्यांसकट. लिंबूवर्गीय फळांचा वास हत्तीला लांबून येतो आणि तो गाडीचं दार वाकवायलाही कमी करत नाही. झिम्बाब्वेच्या माना पूल्स अभयारण्यात तर अशी फळं आणायलाच मनाई आहे. आंबटपणाला लिंबूसत किंवा आमचूर न्या.

तंबूची जागा दिवसाउजेडी पाहून ठरवा. जमिनीवर गुळगुळीत तुडवलेली रुंद पायवाट पाण्याकडे जात असेल तर ती हत्तींची किंवा पाणघोड्यांची आहे, तिथून दूर सरका. पाणघोडा रात्री चरायला वर येतो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये माणूस आला की तो सरळ अंगावर येतो. कॅमलथॉर्नच्या (बाभळीसारख्या काटेरी) झाडाखालीही नको, त्याच्या शेंगा हत्ती आवडीने वेचतो.

काळोख पडला की मुलगी हाताच्या अंतरावर हवी. तरस आणि बिबट्या लहान चणीचं माणूस हेरतात. रात्री लघवीसाठी शिडी उतरू नका. झाकणाची बाटली किंवा बादली वर ठेवणं शहाणपणाचं. उतरावंच लागलं तर आधी टॉर्च चारही बाजूंना सावकाश फिरवा. डोळे चमकले की तंबूतच थांबा. सिंह समोरासमोर आला तर पळायचं नाही आणि पाठही फिरवायची नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं.

प्रश्न : रस्त्यात हत्ती उभा असला तर हॉर्न द्यावा का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : मुळीच नाही. आपल्याकडची ती सवय इथेच सोडून जा. लांबच थांबा, मागे जायला वाट मोकळी ठेवा. मागून दुसरी गाडी आली तर तिला हात करून अंतर ठेवायला सांगा. कान पसरून डोकं झटकणं, धूळ उडवणं ही बहुधा ताकीद असते; तेव्हा हळूहळू रिव्हर्स घ्या. डोळा आणि कान यांच्या मध्ये, कानशिलावरून काळपट ओला ओघळ दिसला आणि मागच्या पायांवर मूत्र टिपकत असलं तर तो नर माजावर आहे. तिथे फोटोसाठी एक मिनिटही थांबू नका. माद्यांच्या कळपात पिल्लू असेल तर आई आणि पिल्लाच्या मधून गाडी काढायची नाही, कळप पूर्ण ओलांडेपर्यंत थांबा. कॅम्पवर खुर्चीत बसलेले असताना हत्ती आला तर बसून राहा, टॉर्चचा झोत डोळ्यांवर मारू नका. तो बहुतेक वेळा तंबूच्या दोऱ्यांनाही न लागता निघून जातो.

प्रश्न : खोल वाळूत टायरमध्ये हवा किती ठेवावी?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : सामानाने भरलेल्या टोयोटा हायलक्ससारख्या पिकअप गाडीला डांबरी रस्त्यावर 32 ते 35 पीएसआय, खडीवर 26 ते 28, खोल वाळूत 18 ते 20. हवा कमी केली की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. त्या हवेवर 40 च्या वर वेग नको आणि जोराचं वळणही नको. वेगाने टायरची बाजू तापून फाटते, वळणावर टायर रिमवरून सुटतो. डांबरी लागताच 12 व्होल्टच्या कंप्रेसरने हवा भरा. फोर व्हील वाळू लागण्याआधीच टाका. चाकं जागच्या जागी फिरू लागली तर लगेच एक्सिलरेटर सोडा, नाहीतर गाडी पोटावर बसते. उतरण्याआधी चहूकडे नजर टाका, मग फावड्याने चाकांभोवतीची वाळू काढा आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे घ्या. तिथल्या पावसाळ्यानंतर उंच गवत गाडीखाली सायलेन्सरजवळ अडकतं आणि पेटतं. दर थांब्यावर वाकून पाहा, हाताने काढा. मोरेमी आणि सावुतीत पेट्रोलपंप नाही. वाटेतल्या माउन शहरात टाकी आणि कॅन दोन्ही भरा. वाळूत गाडी बरंच जास्त इंधन पिते.

प्रश्न : वाटेत चिकन-मटण सोबत ठेवता येतं का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाच्या बंदोबस्तासाठी बोट्स्वाना आणि नामिबियात आडवी कुंपणं घातली आहेत. त्या कुंपणांवरच्या तपासणी नाक्यांवर, विशेषतः उत्तरेकडून दक्षिणेला येताना, कच्चं मांस काढून घेतात. कधी बुटांचे तळवेही औषधी पाण्यात बुडवायला लावतात. तेव्हा परतीला एका वेळेपुरतंच घ्या आणि नाक्याआधी शिजवून संपवा.