इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला आहेत, ‘सेट’ की ‘रन’?

‘रन’ला. ‘सेट’ हे उत्तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीवरून आलंय. तिच्यात ‘सेट’ची नोंद सर्वांत लांब होती आणि सामान्यज्ञानाच्या प्रश्नांत अजून तेच फिरतं. पुढे त्याच कोशाच्या संपादकांनी ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली, तेव्हा एकट्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. क्रिकेटमधला रन हे नाम, तो यात धरलेलाच नाही. एवढे अर्थ झाले ते मुख्यतः यंत्रांमुळे, नंतर संगणकामुळे: इंजिन, कारखाना, प्रोग्राम, सगळं ‘रन’ होऊ लागलं. आपण मात्र दर वेळी क्रियापद बदलतो. माणूस पळतो, बस धावते, नळ वाहतो, दुकान चालवतात, निवडणूक लढवतात, सर्दीने नाक गळतं, नवी साडी धुताना रंग जातो आणि घरातलं दूध संपतं; इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी ‘रन’ चालतो. म्हणून अर्थांची यादी पाठ करण्यापेक्षा पुढे-मागे कोणते शब्द आलेत ते बघा, खरंच सोपं जातं. फक्त ६४५ हा आकडा त्या एका कोशाचा आहे. छोटे कोश जवळचे अर्थ एकत्र करतात, त्यामुळे तिथे तो बराच कमी दिसेल.