कुरकुर कुणापाशी करायची?

जय ख्रिस्त ताई,

तुमचं पत्र मिळालं. सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या, नणंदबाई सिडकोत राहूनही महिना महिना फिरकत नाहीत, नोकरी सांभाळून सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर. नाशिकरोडच्या तुमच्या घरी सकाळी नळाला बारीक पाणी येतं तिथून कुरकुर सुरू होते आणि रात्री बहिणीला फोन केल्यावरच थांबते. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपकारस्तुतीचं (देवाचे आभार मानण्याचं) गीत म्हणता आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत पाळकांचा उपदेश किती लांबला हे कुणाला तरी बोलून झालेलं असतं. परवा मुलगा म्हणाला, "आई, कधीतरी चांगलं बोल ना." मी ढोंगी ख्रिस्ती आहे का, असं तुम्ही विचारता.

नाही. तुम्ही दमलेल्या आहात, आणि दमलेल्या माणसाच्या तोंडी तक्रार येतेच. पण मुलगाही खोटं बोलत नाही.

बायबलमधला गणना ११ वा अध्याय सलग वाचा. मिसरातून (इजिप्तमधून) सुटून रानात आलेल्या इस्राएल लोकांना तिथले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवतात. मासे फुकट मिळायचे, असंही ते म्हणतात. तिथल्या गुलामीचं मात्र नाव काढत नाहीत. कुरकुर अशीच आठवणीतलं सोयीचं तेवढं वेचते. हे सगळं ते आपापल्या तंबूच्या दारात बसून रडत बोलतात. त्याच अध्यायात त्यांचा पुढारी मोशे याची तक्रार आहे आणि ती कितीतरी जहाल आहे: एवढ्या लोकांचा भार मला एकट्याला पेलत नाही, त्यापेक्षा मला मारूनच टाक. पण तो हे थेट देवाला सांगतो. देव त्याला दटावत नाही, भार वाटून घ्यायला ७० वडीलधारे नेमून देतो. तुमचं दुखणं मोशेचं आहे ताई, फक्त तुम्ही ते तंबूच्या दारात मांडता आहात.

पहिला आठवडा तोंड आवरायचा प्रयत्न करूच नका. एका छोट्या वहीत प्रत्येक तक्रारीची वेळ, ती कुणापाशी केली आणि कशाबद्दल, एवढंच टिपा. विषय बहुधा दोन-तीनच निघतील आणि वेळाही ठरलेल्या. मग प्रत्येकापुढे लिहा, हे बदलू शकणारा माणूस कोण? पाण्यासाठी महापालिकेचं विभागीय कार्यालय. सोसायटीच्या सह्या घेऊन एक अर्ज द्या आणि पोच घ्या. उपदेशाबद्दल खरंच काही म्हणायचं असेल तर पाळकांशी, तेही रविवार सोडून. ज्यापुढे कुणाचंच नाव येत नाही, ते देवापुढे.

त्यासाठी बायबलमधलं स्तोत्र १३ धरा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चारदा येतो, मग मागणं, आणि भरवसा शेवटी. रात्री बहिणीला फोन लावण्याआधी दहा मिनिटं याच क्रमानं, आपल्या शब्दांत, मोठ्यानं बोला. बायका इथेच चुकतात: प्रार्थनेत तक्रार शोभत नाही म्हणून एकदम स्तुतीवर उडी मारतात, आणि न बोललेलं सगळं सकाळी मुलांवर निघतं.

यानंतर उपकारस्तुती. रोज आभाराची तीन वाक्यं, पण "घरासाठी धन्यवाद, तब्येतीसाठी धन्यवाद" अशी नकोत. ती चार दिवसांत कोरडी पडतात. कुणी, काय केलं आणि त्यानं तुमचं काय हलकं झालं, हे लिहा. "शेजारच्या वहिनींनी आईंची कूस बदलायला हात दिला, माझी पाठ वाचली." आठवडाभर तेच वाक्य पुन्हा नको. तिघांतल्या एकाला दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगा, आणि पहिला मान मुलाचा. "लोकांचं माझ्याहून वाईट आहे" हे उपकारस्तुतीत आणू नका. लूक १८ मधला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस) नेमकं तसंच, इतरांसारखा नाही म्हणून देवाचे आभार मानतो.

वहीत सर्वांत जास्त वेळा नणंदबाई येणार. त्यांच्याबद्दल बहिणीशी बोलणं आता बंद. मत्तय १८:१५ सांगतं की आधी त्या माणसाला एकांतात गाठा. जुना हिशोब काढू नका, नाहीतर बोलणं तिथेच फिसकटेल. "तुम्ही कधी येतच नाही" याला उत्तर भांडणच असतं. असं म्हणा: "वन्सं, मला एकटीला आता झेपत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा आईंजवळ तुम्ही बसाल का?" नाही म्हणाल्या तर मंडळीच्या महिला मंडळात हीच मागणी वार आणि वेळेसकट मांडा. मोघम "प्रार्थना करा" म्हटलंत तर प्रार्थनाच होईल, माणूस येणार नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, रडू येतं असं असेल तर डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीत बोलता येतं. त्यानं विश्वासाला कमीपणा येत नाही.

वन्सं हो म्हणाल्या तर औषधांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजला लावा. बेडसोर (पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा) होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, तेही त्यावर लिहा आणि एकदा करून दाखवा. त्यांची पद्धत तुमच्यासारखी नसेल, चादर वाकडी राहील. परत आल्यावर आधी आभार माना. चादरीचा विषय त्या दिवशी नको.