वाचकांचे प्रश्न : लाकडी जमिनीवर दाराशी काय अंथरावे?

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी न्यू जर्सीत एडिसनजवळ एक जुने घर घेतले. तळमजल्यावर सगळीकडे ओकच्या फळ्यांची जमीन आहे आणि सहा महिन्यांपूर्वीच ती घासून तिच्यावर पॉलियुरेथेनचे नवे पॉलिश करून घेतले आहे. मुख्य दार उघडले की पहिले पाऊल या जमिनीवरच पडते. आमच्याकडे जोडे दाराच्या आत काढतात. हिवाळ्यात त्यांच्याबरोबर बर्फ, रस्त्यावर टाकलेले मीठ आणि वाळू घरात येते, आणि गणपतीत तर पंचवीस-तीस माणसांचे जोडे एकाच वेळी दाराशी असतात. मला भदोहीचा एक लोकरी गालिचा फार आवडला आहे. ह्यांचे म्हणणे असे की, रबरी पाठीचे साधे पायपुसणे पुरेसे आहे. दार आतल्या बाजूला उघडते आणि त्याच्याखालची फट जेमतेम अर्धा इंच आहे. काय घ्यावे?

उत्तर : दुकानात आपण गालिचा वरून पाहतो, हात फिरवतो, रंग आपल्या भिंतींना शोभेल का याचा विचार करतो. लाकडी जमिनीसाठी मात्र तो आधी उलटा करून पाहावा, असा माझा आग्रह आहे, कारण जमिनीशी रात्रंदिवस संबंध येतो तो त्याच्या पाठीचा. हे मी स्वतःच्या घरातल्या नुकसानीवरून शिकले. पुण्याच्या आमच्या घरी सागवानी फळ्यांवर, दाराच्या आत, रबरी पाठीचे एक पायपुसणे चार वर्षे एकाच जागी होते. त्याच्याभोवती रोज केर काढला जाई, पण ते उचलले क्वचितच जाई. एका पावसाळ्यानंतर उचलले तेव्हा खाली पिवळट चौकोन उमटला होता आणि त्यात पायपुसण्याच्या पाठीवरची जाळी एकेक घर मोजता येईल इतकी स्पष्ट दिसत होती. ओल्या फडक्याने, मग साबणाच्या पाण्याने, मग टर्पेंटाइनने पुसून पाहिले. डाग गेला नाही, कारण तो पॉलिशच्या वर नव्हता, पॉलिशमध्ये उतरला होता. शेवटी तेवढ्या फळ्या घासून पुन्हा पॉलिश कराव्या लागल्या आणि आजही त्यांचा रंग शेजारच्या फळ्यांशी जुळत नाही.

असे होण्याचे कारण साधे आहे. पीव्हीसीच्या पाठीत ती मऊ राहावी म्हणून जी द्रव्ये घातलेली असतात आणि कृत्रिम रबरात ते लवकर फुटू नये म्हणून जी रसायने मिसळलेली असतात, ती हळूहळू बाहेर झिरपतात आणि पॉलिशच्या थराशी त्यांची क्रिया होते. ऊन आणि ओल यांनी ती वाढते, आणि दाराजवळ नेमकी दोन्ही असतात. म्हणून ह्यांचा मुद्दा निम्मा मान्य करावा : पायपुसणे हवेच, पण ते दाराच्या बाहेर. तिथे काथ्याचे, जाड आणि खरखरीत पायपुसणे घालावे. काथ्या जोड्याच्या तळव्यातली वाळू खरवडून काढतो आणि हे काम लोकर किंवा सूत करू शकत नाही. तेच काथ्याचे पायपुसणे आत आणू नये, कारण त्याचे तंतू सतत गळतात आणि बहुतेकदा त्याची पाठही पीव्हीसीची असते.

वाळूचा मी इतका बाऊ का करते, असे आपल्याला वाटेल. ओक कणखर लाकूड आहे यात शंका नाही; लाकडाचा कणखरपणा मोजणाऱ्या जांका चाचणीत लाल ओक १२९० पौंड आणि पांढरा ओक १३६० पौंड भरतो. पण रोजच्या वावरात ओरखडे पडतात ते आधी वरच्या पॉलिशवर. वाळूतली गारगोटी काच कापू शकेल इतकी कठीण असते, त्यामुळे पायाखाली आलेला तिचा प्रत्येक कण पॉलिशकागदासारखा घासत जातो आणि दाराजवळचा पट्टा हळूहळू निस्तेज, पांढुरका दिसू लागतो. थर झिजून लाकूड उघडे पडले की वितळलेल्या बर्फाचे पाणी सांध्यांतून आत मुरते. ओकमधल्या टॅनिनचा, म्हणजे लाकडातल्या तुरट द्रव्याचा, ओल्या लोखंडाशी संबंध आला की खिळ्यांभोवती काळी वर्तुळे उमटतात, आणि ती काढणे फार कठीण असते.

आता भदोहीच्या गालिच्याविषयी. तो जरूर घ्या, पण दाराखाली घालू नका. अर्धा इंच म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर. दार मोकळे फिरावे म्हणून त्यातले ३ मिलिमीटर सोडले तर गालिचा आणि त्याच्याखालचा पॅड मिळून १० मिलिमीटरच्या आतच बसले पाहिजेत. हाताने गाठी मारलेला लोकरी गालिचा एकटाच जवळजवळ तेवढा जाड असतो. दार रोज त्याच्या कडेला घासेल, कड दुमडेल आणि एखाद्या दिवशी वयस्कर माणूस त्यात अडखळेल. शिवाय मिठाच्या पाण्याने भिजत राहावे, अशी ती वस्तू नव्हे. आपले दार तीन फुटी असेल, तर बिजागरीच्या बाजूने जमिनीवर त्याच्या फिरण्याची कमान खडूने आखून घ्या आणि त्या कमानीच्या पलीकडे, जिथे जोडे काढून आलेली माणसे अनवाणी चालतात, तिथे हा गालिचा अंथरा.

घेताना तो उलटा करायला विसरू नका. गाठींचा गालिचा असेल तर वरची नक्षी मागेही जशीच्या तशी दिसते. मागे पांढरे कापड चिकटवलेले असेल, तर तो टफ्टेड, म्हणजे यंत्रपिस्तुलाने धागे खोचून मागे लॅटेक्सच्या गोंदाने धरलेला असतो. वर्षांनी तो गोंद सुकून त्याची पूड जमिनीवर पडते आणि वासही येतो. किंमत पाहून दोहोंतला फरक कळेलच असे नाही. पाठ पाहून कळतो.

दाराच्या कमानीत सपाट विणीची, लव नसलेली सतरंजी घालावी. ती पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे प्लॅस्टिकच्या धाग्याची, असेल तर मीठ लागले तरी अंगणात पाण्याने धुता येते आणि लवकर वाळते. मिर्झापूर-भदोही पट्ट्यात लोकरी सतरंज्याही विणतात आणि त्या दिसायला अधिक सुंदर असतात. पण आपल्याकडचा हिवाळा पाहता निदान डिसेंबर ते मार्च मी पहिलाच पर्याय निवडेन. ताग दाराशी अजिबात नको, कारण भिजला की तो तपकिरी पडतो आणि कमकुवत होतो. लांबी इतकी असावी की आत येणाऱ्याची निदान दोन पावले तिच्यावर पडतील. तीन बाय पाच फुटांची सतरंजी बहुतेक घरांना पुरते. रंग काळा किंवा फार गडद घेऊ नये, त्यावर मिठाचे पांढरे डाग लगेच उठून दिसतात. मधल्या छटांची, मिश्र रंगांची वीण घ्यावी.

सपाट सतरंजी पॉलिशवर घसरते, म्हणून तिच्याखाली पॅड लागेलच. फेल्ट (तंतू दाबून केलेले जाड कापड) आणि नैसर्गिक रबर यांचा, पॉलियुरेथेनच्या पॉलिशला चालतो असे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेला पातळ पॅड घ्यावा आणि तो चारही बाजूंनी सतरंजीपेक्षा एकेक इंच आत कापावा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावू नये. काढताना ती पॉलिशही सोबत घेऊन निघते. तेलयुक्त पॉलिशनंतर महिनाभर काहीच अंथरू नये असे सांगतात, पण आपल्याला सहा महिने झाले आहेत, तेव्हा ती चिंता नाही.

ओले जोडे मात्र सतरंजीवर ठेवूच नयेत. बाजूला भिंतीलगत उंच काठाचा ट्रे ठेवावा आणि बर्फ त्यातच वितळू द्यावा. बर्फ वितळवायला वापरले जाणारे कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेते, म्हणून ते सांडले तर जागा वाळल्यासारखी वाटली तरी पुन्हा चिकट होते. ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरड्याने पुसावे. गणपतीच्या दिवसांत बर्फाचा प्रश्नच नाही; तेव्हा बाहेरच्या पडवीत एक जुनी चादर किंवा जाजम अंथरून सगळ्यांना जोडे तिथेच काढायला सांगावे. आणि आठवड्यातून एकदा सतरंजी, पॅडसकट, उचलून खालची वाळू झाडावी. माझ्या घरी नेमके तेवढेच राहून गेले होते.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचे जुने घर आहे. माडीवर सागवानी तक्तपोशी आहे, तिला तेलाचा हात दिलेला असतो. जिन्याच्या तोंडाशी सोलापूरची लाल सुती सतरंजी कायम घातली तर चालेल का?

उत्तर : सतरंजी चालेल, ती जागा चालणार नाही. जिन्याच्या तोंडाशी सुटी सतरंजी घालणे धोक्याचे आहे. तेल दिलेल्या लाकडावर ती पायाखालून सरकते आणि तिथून पडणारा माणूस थेट खाली जातो. तिथे काहीच न घालता जमीन स्वच्छ ठेवावी आणि सतरंजी माडीच्या आत, जिन्यापासून निदान चार-पाच फुटांवर अंथरावी. कोकणातल्या पावसाळ्यात सूत ओल धरते आणि तिच्याखालच्या लाकडाला बुरशी येते, म्हणून मृगापासून दसऱ्यापर्यंत ती झाडून, उन्हात वाळवून, गुंडाळून ठेवावी. लाल रंगाचीही एक खात्री आधी करून घ्यावी : पांढरे फडके पाण्यात भिजवून, पिळून, सतरंजीच्या उलट्या बाजूवर मिनिटभर जोराने घासावे. फडक्यावर रंग उतरला, तर तेल प्यालेल्या सागावर तो आणखी सहज उतरेल; अशी सतरंजी दोन-तीन वेळा पाण्यात वेगळी धुऊन फडके कोरे येईपर्यंत तक्तपोशीवर घालू नये.