घरात परी लपवायचीय? आधी एवढंच करा

ताई, मुलाला शोधायला घरात परीचं चिमुकलं दार लपवायची तुमची आयडिया मस्तच आहे, पण पहिल्याच दिवशी सगळं घर सजवायला घेऊ नका. एकच जागा ठरवा, एकच छोटं दार. अमेरिकेत अॅन आर्बर शहरात दुकानांच्या भिंतींना अशी परीदारं २००५पासून लागलीयत, तीही अगदी खाली, जमिनीलगत. म्हणून स्वतः फरशीवर बसून बघा, मुलाला तिथून काय दिसतं ते. माठाच्या स्टँडमागे, कपाटाखालच्या फटीशी किंवा तुळशीच्या कुंडीला टेकून बेस्ट. दाराला आइस्क्रीमच्या काड्या, फेव्हिकॉल आणि कडीसाठी एक मणी, झालं, ऑनलाइन महागडे सेट नकोत.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- "अगं बघ बघ, इथे काय आहे!" हे आपणच ओरडणं. गप्प बसा, दोन दिवस लागले तरी चालतील, शोधू दे, खरी मजा तीच आहे.
- परीला साखर ठेवणं. परी येवो न येवो, मुंग्या येतातच.
- बटण सेलचे दिवे. लहान मुलाने तो सेल गिळला तर आतून भाजतं, त्यामुळे हे अजिबात नको. स्विचबोर्ड आणि गॅसजवळची जागाही नको.
- "दूध पी, नाहीतर परी निघून जाईल." एकदा का परीची पोलीस केली की मुलं तिकडे फिरकत नाहीत.

परीच्या नावाने चिठ्ठ्या वगैरे नंतर बघू, मुलं आईचं अक्षर लगेच ओळखतात, त्याची वेगळी गंमत आहे. आधी दार लावा आणि कळवा.